झाडाखालचा पुकारा

आयुष्यभर मी लोकांची नावं ओरडलो. नोकरीच तशी होती. अमरावतीच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीशांच्या दालनाच्या दारात उभं राहायचं, साहेबांनी मान हलवली की वादीचं नाव तीनदा, प्रतिवादीचं तीनदा, आणि शेवटी लांबवलेलं 'हाजिर हो'. याला पुकारा म्हणतात. इथे मात्र मी एकाचंही नाव लिहिणार नाही. ज्या बाईसाहेबांबद्दल लिहितोय त्यांना ते आवडायचं नाही. आणि वलगावच्या ज्या माळीणबाईंचा मी गुन्हेगार आहे, त्यांचं नाव घ्यायची वेळ आली होती तेव्हा मी ते नीट घेतलं नाही. आता कागदावर घेऊन काय उपयोग?

यंदा भाद्रपदात अकोल्याहून एका तरुण वकिलाचा फोन आला.

"काका, बाईसाहेब या महिन्याच्या शेवटी रिटायर होऊन राहिल्या. मोठा कार्यक्रम ठेवला आमी. गौरविका बी काढतो. तुमचा लेख पायजे."

"मी शिपाई माणूस. मी काय लिहू?"

"अजी, झाडाखालचा पुकारा तुमचीच कल्पना ना? सगळ्याइले माहीत आहे. तेच लिहा. दोन पानं."

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिलो.

झाडाखालचा पुकारा म्हणजे काय ते आधी सांगतो. खेड्यावरून कोर्टात येणारा माणूस दालनात बसत नाही. आतली बाकं वकिलांनी भरलेली असतात, आणि तिथे खोकायचीही भीती वाटते. तो बाहेर कडुलिंबाच्या पारावर बसतो, भाकर सोडतो, शेजारच्याशी पऱ्हाटी-तुरीचं बोलतो. दारातून दिलेला पुकारा कधी त्याच्यापर्यंत पोचतो, कधी टाइपरायटरच्या खडखडाटात मधेच विरतो. बाईसाहेबांनी नियम घालून दिला होता. दारात पुकारा झाला की शिपायानं झाडापर्यंत चालत जायचं, तिथे पुन्हा पुकारा द्यायचा, आणि परत येऊन 'झाडाखाली पाहिलं' असं सांगायचं. त्याशिवाय त्या कोणाचीही गैरहजेरी लिहीत नसत. अमरावतीनंतर त्यांच्या जिथे जिथे बदल्या झाल्या तिथे तिथे हा नियम त्यांच्याबरोबर गेला. एका तालुक्याच्या गावी कोर्टाच्या आवारात झाडच नव्हतं. तिथला शिपाई सायकल स्टँडपर्यंत जायचा, पण म्हणायचे झाडाखालचाच पुकारा.

आणि जाईल तिथे बाईसाहेब सांगायच्या की हे अमरावतीच्या आमच्या शिपायामुळे सुरू झालं. ऐकणाऱ्यांनी त्याची गोष्ट केली. साध्या शिपायानं न्यायाधीशांना सांगितलं म्हणे, 'साहेब, झाडाखालच्या माणसाले आपला आवाज जात नाई.' मी ती गोष्ट कधी सांगितली नाही. पण कोणी सांगितली तेव्हा थांबवलंही नाही. त्या गोष्टीवर मला आतापर्यंत तीन शाली आणि तीन नारळ मिळाले. नारळांची बायकोनं चटणी केली, शाली कपाटात आहेत. माझी नात अमरावतीत वकिलीचं शिकते. तिनं कॉलेजच्या अभिरूप न्यायालयात भाषण केलं, त्याची सुरुवातच 'माझ्या आजोबांनी' अशी होती. पहिला नंबर आला तिचा.

आता खरं काय घडलं ते.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईसाहेब तेव्हा नुकत्याच अमरावतीला आल्या होत्या. पुण्याकडच्या, तिशीच्या आतल्या, बारीक चणीच्या. पहिल्या दिवशी आमच्या बेलिफानं त्यांना वकिलाची नवी सहायक समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं होतं. त्या बसल्याही. साडेदहाला उठून आत आल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या, तेव्हा बेलिफ दोन दिवस रजेवर गेला.

त्या वर्षी नवरात्रात आमच्या मोहल्ल्याचं भजन मंडळ खंजिरी भजनाच्या स्पर्धेत उतरलं होतं. मुख्य गायक मी. लागोपाठ दोन वर्षं ढाल दुसऱ्याच मंडळानं नेली होती, आणि त्या मंडळात हाच बेलिफ खंजिरी वाजवायचा. तो मला रोज कोर्टात टोमणे मारायचा. "गाण्यात अन् पुकाऱ्यात फरक असते, भाऊ. तुम्ही देवालेही तारखेवर बोलावता." स्पर्धेच्या दिवशी सकाळी आमच्या पेटीवाल्यानं मला तंबी दिली, "आज कोर्टात गळा फाडू नको. आवाज सांभाळ."

मी सांभाळला. त्या उकाड्यात गळ्याला मफलर, गालात ज्येष्ठमधाची काडी. एक वकील म्हणाले, "काय बे, काश्मीरले चालला का?" मी नुसता हसलो. दिवसभर पुकारे दिले ते घरात बायकोकडे चहा मागावा अशा आवाजात.

बाराच्या सुमाराला वलगावच्या माळीणबाईंचा दावा निघाला. चाळिशी उलटलेल्या, विधवा, फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्या. त्यांचा मळा सडकेपासून आत होता. मळ्यातून बाहेर पडायला एकच पांदण, म्हणजे दोन वावरांच्या मधली गाडीवाट. ती शेजाऱ्यानं अडवली म्हणून हा दावा. निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवावी असा कोर्टाचा तात्पुरता हुकूम होता. त्या हुकमावर त्यांची बैलगाडी चालत होती. त्या दिवशी त्यांची साक्ष होती आणि त्यांचे वकील दुसऱ्या दालनात अडकले होते.

मी दारात आलो आणि तीनदा नाव घेतलं. पायरीवर उभ्या माणसालाही ते नीट ऐकू गेलं नसेल. पारावर माझ्याकडे पाठ करून बसलेल्या माळीणबाई मला दिसत होत्या. हेच मला लिहायचं आहे, म्हणून पुन्हा लिहितो. त्या मला दिसत होत्या. वीस पावलं चाललो असतो किंवा एकदा मोकळ्या गळ्यानं हाक मारली असती तर त्या उठून आल्या असत्या. मला वाटलं, संध्याकाळी वरचा सूर लावायचा आहे, आता कशाला गळा ताणायचा. पुढच्या वेळी येतील. मी आत वळून म्हणालो, "हजर नाही, साहेब."

बाईसाहेबांनी लिहिलं. दावा गैरहजेरीत खारीज झाला.

पाच वाजता मी पट्टा काढत होतो तेव्हा माळीणबाई दाराशी आल्या.

"बापू, माहा नंबर कवा येते?"

"तुमचा तं झाला, बाई. बाराले पुकारा दिला."

"दिला? मी तं इथंच होती. पाणी प्याले सुदिक उठली नाई."

"तीन डाव दिला. तुमचं ध्यान नसंन."

त्यांनी कानावरचा पदर मागे सारला. मग म्हणाल्या, "असंन बापू," आणि टोपलं उचलून चालू लागल्या.

संध्याकाळी मी गायलो. खोटं कशाला बोलू, तसं मी त्याआधी कधी गायलो नव्हतो आणि नंतरही नाही. निवेदकानं माइकवर सांगितलं की कोर्टात पुकारा देणारा हाच तो बुलंद आवाज, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढाल आमची झाली. बेलिफानं येऊन मिठी मारली आणि कानात म्हणाला, "आज देव हाजिर झाला रे." मी रडलो. लोकांना वाटलं आनंदानं.

दावा खारीज झाला तसा तो तात्पुरता हुकूमही गेला. दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यानं पांदणीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. दसरा चार दिवसांवर होता, मळ्यात झेंडू फुलून उभा होता. माळीणबाईंनी तो डोक्यावर टोपल्यांनी वाहिला. नाल्यात उतरायचं, पलीकडे चढायचं, लांबचा फेरा घेऊन सडकेला यायचं, आणि रिकामं टोपलं घेऊन पुन्हा माघारी. हे मला त्यांच्या वकिलांच्या अर्जातून कळलं. दावा पुन्हा सुरू करावा असा अर्ज होता. त्यात लिहिलं होतं की वादी दिवसभर आवारात हजर होती आणि पुकारा तिच्यापर्यंत आला नाही.

बाईसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही पुकारा दिला होता?"

"हो साहेब. तीन वेळा."

"बाहेर ऐकू जाईल असा?"

"हो साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आमच्या मोठ्या बहिणी पाहतात ना, पोरगा स्वतः बोलतो का ते बघायला, तसं. मी खाली पाहिलं. मग दुपारच्या सुटीत त्या उठल्या आणि आतल्या खोलीत जायच्या ऐवजी पायऱ्या उतरून सरळ कडुलिंबाकडे चालत गेल्या. न्यायाधीश पारावर! चहावाल्याचा हात पेल्यावर थांबला. पारावरचे सगळे उठून उभे राहिले. त्यांनी हातानं सगळ्यांना खाली बसवलं आणि स्वतः अर्जासाठी आलेल्या माळीणबाईंच्या शेजारी बसल्या. लघुलेखक धावत माझ्याकडे आला, "त्या म्हणतात, पुकारा द्या."

मी दारात उभा राहिलो. आता कशासाठी आवाज राखायचा होता? असा पुकारा दिला की छपरावरचे पारवे उडाले आणि फाटकाबाहेरचा ऑटोवाला आपलंच नाव आलं समजून वळून बघू लागला. लोक हसले. बाईसाहेब उठून परत आल्या. माझ्या समोरून जाताना म्हणाल्या, "आज ऐकू आलं. उद्यापासून झाडापर्यंत जाऊन देत जा."

बस. ना नोटीस, ना खुलासा.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकून झालं आणि दावा पुन्हा बोर्डावर आला, पण तोवर दसरा गेला, दिवाळीही गेली. हुकमात त्यांनी लिहिलं होतं की वादी हजर होती, पुकारा तिच्यापर्यंत पोचला नाही आणि हा दोष न्यायालयाचा आहे. न्यायालयाचा. माझं सेवापुस्तक कोरं राहिलं.

पुढे त्या स्वतः पांदण पाहायला वलगावला गेल्या. मी सोबत होतो. अवेळी पाऊस होऊन गेला होता आणि काळ्या मातीचा चिखल झाला होता. बाईसाहेबांनी दहा पावलांवर चपला काढून हातात घेतल्या. माळीणबाई पुढे, न्यायाधीश मधे, दोन्हीकडचे वकील मागे, आणि त्यातल्या एकाचा बूट वावरातच राहिला. माळीणबाई मागे न पाहता म्हणाल्या, "बाईसाहेब, अंगठा रोवून चाला. नाईतर हे वावर तुमाले ठिवून घेईन." बाईसाहेब खळखळून हसल्या. कोर्टात त्या कधी हसत नसत, म्हणून आम्ही सगळे आधी घाबरलो आणि मग आम्हीही हसलो. त्यांनी जुन्या चाकोऱ्या पाहिल्या, धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, दगड पाहिले, शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईशीही बोलल्या. निकाल मराठीत लिहिला, आणि वाचून दाखवल्यावर माळीणबाईंना विचारलं, "कळलं का?" त्या म्हणाल्या, "वाट माही. एवढं कळलं." बाईसाहेब म्हणाल्या, "तेवढंच लिहिलंय. बाकी वकिलांसाठी." दुसऱ्या दिवशी माळीणबाईंनी झेंडूचा मोठा हार आणला. बाईसाहेबांनी घेतला नाही, न्यायाधीशांना चालत नाही म्हणाल्या. माळीणबाईंनी तो कडुलिंबाच्या खोडाला बांधला आणि बांधता बांधता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "याले तं चालते ना?"

त्यानंतर मी वीस वर्षं झाडापर्यंत चालत गेलो. पण खोटं बोललो होतो ते कुणाला सांगितलं नाही. बाईसाहेबांची बदली झाली तेव्हा सांगायचं ठरवलं होतं, त्यांच्या सामानाच्या पेट्याही उचलून दिल्या, पण तोंड उघडलं नाही. मग ती गोष्ट पसरली, शाली आल्या, आणि सांगणं दर वर्षी अवघड होत गेलं.

म्हणून लेख मी लिहिलाच नाही. माझी वाट पाहून नातीनं स्वतःच दोन पानं टाइप केली आणि वाचून दाखवली. फार छान लिहिलं होतं. मी म्हटलं, "पाठवू नको. मी तिथं जाऊन बोलतो." तिला वाटलं आजोबांना भाषणाची हौस आली.

अकोल्याला जठारपेठेत माझी मुलगी राहते. आम्ही आदल्या दिवशीच तिच्याकडे गेलो. सकाळी मुलगी आत पोहे करत होती आणि नात माझ्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होती. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आधी घरात सांगितलं पाहिजे असं मला वाटलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"आबा, त्या तुम्हाला दिसत होत्या?"

"हो."

"अन् तुम्ही म्हणालात, हजर नाही?"

"हो."

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. मला वाटलं, गेली ही. घरात मला एवढ्या मानानं वागवणारं हे एकच माणूस होतं, आता तेही गेलं. मग तिनं सुस्कारा टाकला.

"मी यावर पहिला नंबर काढलाय हो."

"परत करता येते का?"

"ट्रॉफी आहे ती, आबा. परत काय करता?" तिला हसू आलं, ते तिनं दाबलं आणि पुन्हा गंभीर झाली. "आज नाही सांगितलं तर?"

"तं कुणालेच कळणार नाई."

तिनं सदरा उचलला, बाह्या नीट केल्या आणि मला दिला. "मग सांगा. मी पहिल्या रांगेत बसते. पण मफलर घालू नका."

कार्यक्रम वकिलांनी एका मोठ्या सभागृहात ठेवला होता. बाईसाहेबांना मी किती तरी वर्षांनी पाहत होतो. केस पूर्ण पांढरे, चण तीच. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त होत होत्या, तरी खुर्चीच्या कडेवरच बसल्या होत्या, जणू कोणी उठवेल. मला पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या, त्यामुळे व्यासपीठावरच्या सगळ्यांनाच उठावं लागलं आणि हारांचं तबक खाली पडलं.

भाषणं खूप झाली. एका ज्येष्ठ वकिलांनी सांगितलं की बाईसाहेबांसमोर त्यांचे बहुतेक दावे पडले, पण आपण का हरलो हे त्यांच्याइतकं नीट कोणी समजावलं नाही. एका तरुण मुलीनं सांगितलं की तिच्या पहिल्या दिवशी तिचे पाय थरथरत होते, तेव्हा बाईसाहेबांनी अख्खं दालन थांबवून तिला पाणी प्यायला लावलं होतं. एकानं कविता म्हटली, तिच्यात 'न्याय' या शब्दाला 'उपाय' सोडून दुसरं यमक सापडलं नव्हतं. मग निवेदकानं माझं नाव घेतलं. "ज्यांच्या कल्पनेतून झाडाखालचा पुकारा जन्माला आला ते आपले काका."

माइक मी बाजूला सारला. मला तो कधी लागला नाही.

"कल्पना माही नाई," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो, त्याच्यातून ते निघालं."

मग सगळं सांगितलं. मफलर आणि ज्येष्ठमध आला तेव्हा सभागृह हसलं. पारावर बसलेल्या बाई मला दिसत होत्या हे सांगितलं तेव्हा हसू थांबलं. डोक्यावरून वाहिलेल्या झेंडूचं सांगितलं. "हुकमात लिहिलं होतं, दोष न्यायालयाचा. न्यायालयाचा नव्हता. माहा होता. तुमच्या गौरविकेत कुठे लिहायचं असंन तं एवढं लिहा," असं म्हणून मी खाली उतरलो. कोणी टाळी वाजवली नाही. नात मात्र माझ्याकडे पाहत होती आणि तिची मान वर होती.

शेवटी बाईसाहेब बोलायला उठल्या. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, मग माझ्याकडे वळल्या.

"मला ते त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आमची निवासस्थानं भजनाच्या स्पर्धेच्या मैदानामागेच होती. संध्याकाळी मी गॅलरीत बसले होते, आणि लाउडस्पीकरवर काय आवाज लागला हो! निवेदकानं सांगितलं, हे कोर्टात पुकारा देतात. मी म्हटलं, हा माणूस? याचा आवाज तर दुपारी माझ्या टेबलापर्यंतही येत नव्हता."

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी वाट बघत होते तुम्ही स्वतः सांगाल म्हणून. तारखेवर तारीख देत गेले. तीस वर्षांत आज हजर झालात." पुन्हा हशा झाला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण एक दुरुस्ती मला करू द्या. हुकमात लिहिलं होतं ते बरोबर होतं. माझ्या खुर्चीतून दार दिसायचं आणि दारातून झाड दिसायचं. तुम्ही 'हजर नाही' म्हणालात आणि मी मान वर न करता लिहून टाकलं. त्या बाई मलाही दिसल्या असत्या. त्यानंतरच्या प्रत्येक गावी मी शिपायाला झाडापर्यंत पाठवत होते, ते माझ्यावरच लक्ष राहावं म्हणून."

मोठी माणसं निरोपाच्या दिवशी आपल्या कामाची यादी वाचतात. या बाईनं आपली चूक वाचली. आता टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. तबक उचलून पुन्हा हार आणले गेले, आणि त्यांनी पहिला हार माझ्या गळ्यात टाकला. वर हळूच म्हणाल्या, "कबुली मात्र तुम्ही चुकीच्या कोर्टात दिलीत. त्या बाई आहेत ना अजून?"

"आहेत, साहेब. वलगावलेच."

"मग?"

तिसऱ्या दिवशी नातीच्या स्कूटरवर बसून मी वलगावला गेलो. माळीणबाई आता पंचाहत्तरीच्या आसपास असतील. मळ्यातल्या झोपडीसमोर खाटेवर बसून सुनेला हुकूम सोडत होत्या. दसरा जवळ आला होता, मळा पिवळाधमक झाला होता. मी ओळख दिली. त्यांनी मला ओळखलं नाही, बाईसाहेबांना मात्र लगेच ओळखलं. "चपला हातात घेऊन आलती ते पोरगी? रिटायर झाली? एवढुशी तं होती व माय."

मी खाली जमिनीवर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. माझं झालं तसं त्यांनी विचारलं, "म्हंजे तू जोरात हाक मारलीच नाई?"

"नाई."

"अन् माहे कान बरे होते?"

मी मान हलवली. त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तवापासून मले वाटे, आपल्याले आयकू येत नाई. कोठीबी गेली तं पोराले संग नेवो. ग्रामपंचायतीत, दवाखान्यात. लोक हळू बोलले का मी म्हणो, माहेच कान गेले." त्यांनी मान वळवली आणि मळ्याकडे तोंड करून ओरडल्या, "काय व, आयकलं का? माहे कान चांगले होते! या लेकाचा गळा बसला होता!"

सून कंबरेवर हात ठेवून हसू लागली, फुलं तोडणाऱ्या दोघी बायाही हसू लागल्या. माळीणबाई स्वतः इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. माझ्या नातीनं त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले. मी हात जोडले.

"हात काय जोडतं? त्या वर्साले पंधरा खेपा केल्या म्या डोक्यावरून, नाल्यातून." त्यांनी खाटेजवळच्या भरल्या टोपल्याकडे बोट दाखवलं. "एक तं कर. सडकेवर गाडी उभी आहे."

"आजी, ते बहात्तर वर्षांचे आहेत," नात म्हणाली.

"मंग? मी तं त्याच्याहून मोठी आहो."

सुनेनं टोपलं अर्धं केलं आणि माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवून ते वर चढवलं. पांदण कोरडी होती, रुंद, मोकळी. मी चालू लागलो. मागून माळीणबाई काठी टेकत येत होत्या आणि सांगत होत्या, "सरळ पाह. फुलं सांडवू नको. कुठं पाहून राहिला? पुढं पाह."

नात बाजूनं चालत हसत होती. मी सडकेपर्यंत एकदाही थांबलो नाही.